फोटोच्या पाठीवरचं नाव

आपल्या घरात फोटो किती, असं तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. दोन अल्बम, भिंतीवर पाच-सात तसबिरी आणि कपाटात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उरलेले सुटे. आज हाच प्रश्न विचारला की माणूस खिशातून मोबाइल काढतो आणि आकडा सांगतो. कुणाचे आठ हजार, कुणाचे वीस हजार. पण त्याच माणसाला म्हणावं, 'तुमच्या वडिलांचा एखादा चांगला फोटो दाखवा बघू,' की त्याचं बोट पडद्यावर वरखाली फिरत राहतं. मधेच सत्यनारायणाच्या प्रसादाचे फोटो येतात, विजेच्या बिलाचे येतात, 'शुभ सकाळ'ची फुलं येतात. वडील काही लवकर सापडत नाहीत.

फोटो फार झाले, ही माझी तक्रार नाही. छत्तीस फोटोंचा रोल संपेल म्हणून जपून बटण दाबण्याचे दिवस गेले, ते बरंच झालं. तक्रार आहे ती या फोटोंचा सांभाळ ज्यांच्याकडे सोपवला, त्या सॉफ्टवेअरबद्दल. ही मंडळी फोटो ओळीनं लावतात, चेहरे ओळखतात, न मागता जुन्या सहलीची चित्रमालिका संगीतासह दाखवतात. त्यांना एक साधा प्रश्न विचारायचा मात्र आपल्याकडून राहून जातो. फोटोत कोण आहे, कुठला आहे, कधीचा आहे, ही माहिती तुम्ही लिहून ठेवता कुठे?

कागदावरच्या फोटोच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता. त्याला पाठ होती. पाठीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का असायचा आणि खाली कुणीतरी शाईनं किंवा पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, 'डावीकडून ताई, बापू, कडेवर बेबी. नाशिक, मे १९५८.' तो फोटो अल्बममधून निघाला, नाशिकहून इंदूरला गेला, तिथून एखाद्या भाचीकडे गेला, तरी पाठ त्याच्यासोबतच जायची. अल्बम फाटला म्हणून नावं हरवली, असं होत नसे.

संगणकातल्या फोटोला पाठ नसते, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. आपण ज्याला जेपेग म्हणतो ती फोटोची फाइल १९९२ मध्ये प्रमाणित झाली आणि जपानी कॅमेरा उत्पादकांसाठी तिथल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगसंघटनेनं १९९५ मध्ये 'एक्झिफ' नावाची पद्धत ठरवून दिली. तिच्यामुळे फोटो काढल्याची तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव, भिंगाचं मोजमाप आणि सोय असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धा फोटोच्याच फाइलीत लिहिले जातात. त्याच्याही आधी वृत्तपत्रांच्या जगाला वेगळीच अडचण होती. छायाचित्र एका देशातून दुसऱ्या देशातल्या वर्तमानपत्राकडे तारेनं जायचं आणि त्याची ओळ वाटेत सुटायची, की कोणता मंत्री कोण हे उपसंपादकाला कळेना. म्हणून वृत्तसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं, म्हणजे आयपीटीसीनं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बातमीच्या फोटोसोबतच ओळ, जागा आणि छायाचित्रकाराचं नाव प्रवास करील अशी रचना केली. पुढे २००१ मध्ये अडोबी कंपनीनं 'एक्सएमपी' ही अधिक ऐसपैस पद्धत आणली आणि २०१२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे पाठ आहे आणि ती चांगली रुंद आहे. तिच्यावर लिहायचं की नाही, हे मात्र सॉफ्टवेअरच्या मर्जीवर आहे.

आणि बहुतेक सॉफ्टवेअरची मर्जी पाठीवर लिहायची नसते. ती आपल्या खाजगी वहीत लिहितात.

वाचनालयाचं उदाहरण घेऊ. गावच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की दोन गोष्टी होतात. दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते आणि तोच दाखल क्रमांक पुस्तकाच्या आतल्या पानावर शिक्का मारून लिहिला जातो. उद्या नोंदवहीला वाळवी लागली तरी पुस्तक हातात घेऊन सांगता येतं, की हे अमक्या वाचनालयाचं अमुक क्रमांकाचं पुस्तक. नोंदवही पुन्हा तयार करता येते. आता अशी कल्पना करा, की ग्रंथपाल पुस्तकावर काहीच लिहीत नाही. सगळं त्याच्या वहीत आहे, वही त्याच्या पेटीत आहे आणि तो नोकरी सोडून गेला, की पेटीही गेली. फोटो सांभाळणारी पुष्कळशी सॉफ्टवेअर नेमकी अशी वागतात.

त्यांच्यात ढोबळमानानं दोन तऱ्हा आहेत. एक कारकुनाची आणि दुसरी वखारवाल्याची. कारकून तुमचे फोटो जिथे आहेत तिथेच राहू देतो, फक्त वहीत त्यांचा पत्ता लिहून घेतो. व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात ते अडोबीचं लाइटरूम हे २००७ पासूनचं सॉफ्टवेअर या जातीचं. त्याच्या वहीला कॅटलॉग म्हणतात. गंमत अशी, की तुम्ही बाहेरच्या बाहेर एखादा फोल्डर दुसरीकडे हलवला, की कारकून गोंधळतो. फोटो त्याच डिस्कवर दोन घरं पलीकडे असतो, पण वहीत जुना पत्ता, म्हणून हा सांगतो, 'फाइल सापडत नाही.'

वखारवाला फोटो ताब्यातच घेतो. ॲपलच्या संगणकावर २००२ मध्ये आलेलं आयफोटो आणि २०१५ मध्ये त्याच्या जागी आलेलं फोटोज, ही दोन्ही या वळणाची. सर्वसाधारणपणे ती सगळे फोटो एका मोठ्या गाठोड्यात बांधून ठेवतात. बाहेरून ती एकच फाइल दिसते. २०१९ नंतरच्या रचनेत ते गाठोडं उघडून पाहिलं, तर आत तुमच्या फोटोंना अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक सरमिसळ नावं म्हणून दिलेली दिसते. 'कोकण सहल' शोधणाऱ्या माणसाला त्यातून काहीही उमगत नाही. वखारीच्या खिडकीतून मागितलं तर माल मिळतो, नीट नावासकट मिळतो. पण खिडकी बंद असली तर आत शिरून आपला माल आपण ओळखू शकत नाही.

या मंडळींची बाजूही सांगायला हवी. वेगळी वही ठेवण्यामागे कारणं आहेत. मूळ फाइलीला हात लावला नाही तर ती बिघडण्याची भीती नाही. फोटो उजळला, कापला, काळापांढरा केला, तरी मूळ तसाच राहतो आणि केव्हाही मागे फिरता येतं. शिवाय वीस हजार फाइली एकेक उघडून नाव शोधण्यापेक्षा एका वहीत शोधणं कितीतरी वेगवान. हे सगळं पटण्यासारखं आहे. माझं म्हणणं इतकंच, की वही जरूर ठेवा, पण नाव, गाव आणि तारीख एवढं तरी पाठीवरही लिहा. मूळ चित्राच्या एका ठिपक्यालाही धक्का न लावता ते लिहिता येतं.

हे न लिहिल्यानं काय जातं, ते आमच्या घरात घडलं म्हणून सांगतो. माझी मावशी ऐंशीच्या पुढची होती, पण स्मरण लख्ख. आजोळच्या जुन्या फोटोंतली माणसं ओळखणारी ती एकटीच उरली होती. माझ्या मावसभावानं सगळे फोटो स्कॅन केले आणि काही महिने रविवारी दुपारी तिला संगणकापुढे बसवून एकेका चेहऱ्याखाली नाव घातलं. पुढे मावशी गेली. दोन-तीन वर्षांनी जुना संगणक बदलला. फोटोंचे सगळे फोल्डर नव्या संगणकावर नीट उतरवले, मोजून घेतले, एकही फोटो कमी नव्हता. नाव मात्र एकाही चेहऱ्याखाली नव्हतं. ती सगळी त्या सॉफ्टवेअरनं संगणकाच्या भलत्याच कोपऱ्यात, आपल्या खाजगी वहीत ठेवली होती आणि तशी सूचना त्याच्या कुठल्याही पडद्यावर नव्हती. तोवर जुना संगणक भंगारात गेला होता.

पुरुषांची नावं आम्ही बरीचशी पुन्हा जुळवली. मुंजीच्या निमंत्रणपत्रिका, शाळेचे दाखले, घराची कागदपत्रं यांतून ती मिळाली. अडलो ते बायकांपाशी. आपल्याकडे माहेरची कमल सासरी गेली की सुमन व्हायची. नाव बदललं, आडनाव बदललं, गाव बदललं. लग्नाआधीच्या फोटोतली परकरातली मुलगी आणि दहा वर्षांनंतरच्या फोटोतली नऊवारीतली बाई एकच, हे कागदपत्रांत कुठेही लिहिलेलं नसतं. ते फक्त मावशीसारख्या कुणाच्या तरी डोक्यात असतं. आजची सॉफ्टवेअर हे दोन चेहरे सारखे आहेत, इतकं कदाचित सांगतील. ती कमल होती आणि नंतर सुमन झाली, हे त्यांना कोण सांगणार? आणि सांगितलं, तरी चेहऱ्याच्या चौकटीपुढे ती एकच नाव लिहायला जागा देतात.

नावांची ही कथा, तर तारखांची आणखी वेगळी. बहुतेक सॉफ्टवेअर फोटो तारखेप्रमाणे लावतात आणि समोर जी तारीख मिळेल ती खरी मानतात. जुना फोटो स्कॅन केला, की त्याला स्कॅन केल्या दिवसाची तारीख मिळते. त्यामुळे १९३८ सालचे पणजोबा २०११ च्या गणपतीनंतर, पणतीच्या बारशाशेजारी फेटा बांधून उभे राहतात. तारीख दुरुस्त करायला गेलं, तर दिवस, महिना, वर्ष असं सगळं मागतात. '१९४० च्या सुमारास' हे उत्तर पुष्कळ ठिकाणी चालत नाही. आपल्या घरात तर तारखा सांगतात त्या 'मोठा पूर आला त्याच्या आदल्या वर्षी' अशा. मग माणूस नाइलाजानं १ जानेवारी १९४० घालतो आणि पुढच्या पिढीला वाटतं, आजी-आजोबा नववर्षाच्या दिवशी सगळ्यांना जमवून फोटो काढत होते.

कॅमेऱ्याच्या घड्याळाचंही तसंच. न्यू जर्सीहून भाचा लग्नाला आला, कॅमेऱ्याची वेळ तिकडचीच राहिली. आपला मे महिन्यातला सकाळी ११ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त त्याच्या फोटोंत रात्री २ वाजून ७ मिनिटांनी लागतो. त्याचे आणि इथल्या छायाचित्रकाराचे फोटो एकत्र केले, की आधी अक्षता पडतात आणि मग हळद लागते. याचं कारण असं, की एक्झिफमध्ये वेळ लिहायची सोय होती, पण ती कोणत्या देशाची हे लिहायला प्रमाणित जागाच नव्हती. ती २०१६ मध्ये आली.

त्यात व्हॉट्सॲपनं भर घातली. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो वाटेत आकारानं लहान होतो आणि त्याच्या पाठीवरचा मजकूर पुसला जातो. यात एक हिताची गोष्ट आहे, की तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश सगळ्या गटाला कळत नाहीत. पण काढल्याची तारीखही जाते. अँड्रॉइड फोनवर त्या फाइलीच्या नावात नवी तारीख येते, ती त्या देवघेवीची. काकांच्या लग्नातला फोटो कुटुंबाच्या गटातून तुमच्याकडे आला, की तो गेल्या मंगळवारचा होतो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता कुणी म्हणेल, एक चांगलं सॉफ्टवेअर निवडावं आणि त्यालाच चिकटून राहावं. पण सॉफ्टवेअरचं आयुष्य फोटोपेक्षा फार लहान असतं. पिकासा आठवत असेल. गूगलनं ते २००४ मध्ये विकत घेतलं, फुकट दिलं आणि आपल्याकडे घरोघरी पोचलं. १२ फेब्रुवारी २०१६ रोजी ते बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि १५ मार्चनंतर संगणकावरच्या पिकासाची देखभाल थांबली. जेमतेम महिन्याची मुदत. ॲपलनं जाणकारांसाठी काढलेल्या ॲपर्चरचा विकास थांबवल्याचं २०१४ मध्ये जाहीर केलं. गूगल फोटोज २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा ठरावीक प्रतीचे फोटो कितीही ठेवा, पैसे नाहीत, असं होतं. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या फुकट मर्यादेत मोजले जाऊ लागले. यात कुणी फसवणूक केली, असं मी म्हणत नाही. कंपन्या आपल्या हिशोबानं दुकानं मांडतात आणि उचलतात. ऑनलाइन ठेवलेले फोटो परत मागता येतात, गूगल ते देतंही. पण तिथे तुम्ही लिहिलेली ओळ आणि दुरुस्त केलेली तारीख फोटोच्या पाठीवर न येता सोबतच्या वेगळ्या छोट्या फाइलीत येते. ती जोडी जुळवत बसायचं काम आपलं.

मराठीत लिहिणाऱ्यांचं आणखी एक दुखणं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पुष्कळांनी फोटोंखाली मराठी मजकूर त्या वेळच्या निरनिराळ्या फाँटांत टाइप केला. युनिकोड सर्रास नव्हतं. प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. तो फाँट नसलेल्या संगणकावर 'आजी, पंढरपूर' हे शब्द रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी होऊन उमटतात. काही सॉफ्टवेअर देवनागरीची नुसती प्रश्नचिन्हं करतात. आता मात्र ही अडचण उरायला नको. एक्सएमपी युनिकोडवर उभी आहे आणि मोबाइलवर आपण टाइप करतो ते मराठीही युनिकोडच. म्हणून नावं बिनधास्त मराठीत लिहा.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, फोल्डरची नावं स्वतः द्या आणि त्यात वर्ष आधी लिहा. आपण तारीख दिवसापासून लिहितो, संगणक डावीकडून वाचून क्रम लावतो. म्हणून '१२-०५-१९७४' लिहिलं तर सगळ्या वर्षांच्या बारा तारखा एकत्र येतात. '१९७४-०५-१२ दादाची मुंज, वाई' असं लिहिलं की आपोआप ओळ लागते. दिवस माहीत नसेल तर नुसतं '१९७४'ही चालतं. फोल्डरचं नाव कुठल्याही कंपनीच्या वहीत नसतं, ते सगळीकडे दिसतं.

दुसरी गोष्ट, सॉफ्टवेअरला माहिती फाइलीतच लिहायला सांगा. लाइटरूममध्ये तशी सोय आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. डिजीकॅम हे मोफत सॉफ्टवेअर नावं आणि ओळी फोटोतच लिहू शकतं. थोडं तांत्रिक काम जमत असेल तर फिल हार्वी या गृहस्थांनी २००३ पासून चालवलेलं एक्झिफटूल मोफत मिळतं आणि त्यानं शेकडो फोटोंच्या तारखा एकदम दुरुस्त करता येतात. न्यू जर्सीच्या भाच्याचे साडेनऊ तास एका आज्ञेत भरून निघतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणत्याही सॉफ्टवेअरवर विसंबण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्या. दहा फोटो घ्या, त्यांना नावं आणि तारखा द्या. ते पेन ड्राइव्हवर उतरवा आणि शेजाऱ्याच्या संगणकावर, वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नावं सोबत आली तर पुढचे दहा हजार फोटो खुशाल सोपवा. आली नाहीत तर तिथेच थांबा. आणि निवडक पन्नास-शंभर फोटो कागदावर छापून घ्या, मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. बॉलपेननं लिहू नका, त्याचा व्रण पुढच्या बाजूला उमटतो.

यांतलं काहीच जमत नसेल तर एक काम मात्र पुढे ढकलू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईशेजारी बसा, जुने फोटो समोर धरा आणि ती सांगेल ते लिहून घ्या. माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, कुणाची कोण. साध्या वहीत, फोटोचा क्रमांक घालून लिहिलं तरी पुरे. पाठीवर ते नंतर कुणीही उतरवील. सॉफ्टवेअर दर दोन-चार वर्षांनी नवं येईल आणि चेहरे ओळखण्यात आणखी तरबेज होईल. पण माहेरचं नाव त्याला आपणच सांगायचं आहे, आणि आपल्याला ते सांगणारं माणूस आज घरात आहे. 

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)